परदेशी चिपर की ट्रॅक्टरचा श्रेडर? खान्देशातल्या शेतकऱ्यासाठी दोन्ही वापरून केलेली तुलना

माझं परदेशी चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं मशीन, टेम्पोतून उतरलं त्या दिवशी शेजारच्या शेतातले आबा येऊन उभे राहिले आणि विचारते झाले, "भाऊ, हाई मशीन लाकडं खास का पैसा?" तीन हंगाम झाले. दोन्ही खातं. पहिल्या वर्षी पैसे जास्त खाल्ले, आता लाकडं जास्त खातं. अमळनेर, पारोळा, धुळे या पट्ट्यातले बरेच जण सध्या हे घेऊ की ते घेऊ अशा विचारात आहेत, म्हणून लिहितो.

माझ्याकडचं मशीन पेट्रोलवरचं, १५ हॉर्सपॉवरचं, ४२० सीसी इंजिनाचं, दोन चाकांवर ढकलत नेता येणारं. लिंबाची बाग डोळ्यांसमोर ठेवून घेतलं. चुलतभावाकडे ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) मिनिटाला ५४० फेऱ्यांनी चालणारा देशी श्रेडर आहे, तो कपाशीसाठी. गरज पडली की एकमेकांची मशीनं नेतो, त्यामुळे दोघांचेही गुण-अवगुण हाताखालून गेलेत.

बागेत माझं मशीन सरस, यात वाद नाही. दोन ओळींच्या मधे ट्रॅक्टर घातला की खालच्या फांद्या मोडतात, ओली माती दबते. हे मशीन एक माणूस झाडापर्यंत नेतो. लिंबाची काटेरी छाटणी बांधावर ओढत न्यायची नाही, तिथंच चुरा करायचा आणि तिथंच आळ्यावर पसरायचा. चुरा मातीत मिसळू मात्र नका. ताजं लाकूड कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. वरच राहू द्या, उन्हाळ्यात ओल धरतं.

पण पऱ्हाटी, म्हणजे वेचून झालेली कपाशीची झाडं, आली की हेच मशीन थकतं. एकराची पऱ्हाटी म्हणजे केवढा ढीग होतो ते इथं सांगायला नको. एकेक मूठ सरकवत बसलं तर दिवस मावळतो. भावाचा श्रेडर पेंढ्याच्या पेंढ्या ओढतो. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (तेच पीक ठेवून पुन्हा घेतलेला कापूस) न घेता वेळेत शेत मोकळं करायचं असतं, तेव्हा हा वेगच कामाचा. ज्याचं मुख्य काम कपाशीच्या काड्यांचं आहे त्यानं परदेशी छोट्या मशीनचा विचार इथंच सोडावा.

पऱ्हाटीबद्दल एक गोष्ट दोन्ही मशीनवाल्यांसाठी. चिमट्यानं उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाला काळी माती आणि मुरमाचे खडे चिकटलेले असतात. तशीच आत घातली की अर्ध्या दिवसात पात्यांची धार जाते. मुळं आधी तोडा, नाहीतर माती सुकू द्या आणि झटकून घ्या. बाभळीचंही तसंच, ओली असताना लोण्यासारखी कापली जाते, वाळली की लोखंड. माझ्या मशीनच्या कागदावर ५ इंच जाडी लिहिली आहे, वाळलेल्या बाभळीत मी ३ च्या वर जात नाही. आणि केळीचे खांब कुठल्याच चिपरमध्ये घालू नका. त्यांचे धागे शाफ्टला असे गुंडाळतात की विळ्यानं कापून काढावे लागतात. रावेर-यावलकडच्यांनी केळीसाठी वेगळंच यंत्र बघावं.

आता खरा फरक. तो कापण्यात कमी आणि बिघाडात जास्त आहे.

भावाच्या श्रेडरचं बेअरिंग गेलं. त्यानं ते खोलून खिशात घातलं, मोटारसायकलवर धुळ्याला गेला आणि दुपारी मशीन चालू. माझं गेलं तेव्हा मी पण तसाच गेलो. २०५ नंबरचं म्हटल्यावर दुकानदारानं काउंटरवर ठेवलं, घरी आणलं तर शाफ्टवर चढेना. आपल्याकडे नुसतं २०५ म्हटलं की २५ मिलिमीटर भोकाचं मिळतं. माझा शाफ्ट एक इंची, म्हणजे २५.४ चा. फरक केवढा, तर दोन-चार कागदांच्या जाडीएवढा! फिटर म्हणाला, शाफ्ट लेथवर उतरवू, म्हणजे घासून बारीक करू. मी तयारही झालो होतो. मग लक्षात आलं की बेअरिंग आत सरकवायचं तर शाफ्टचं टोकही उतरवावं लागेल आणि मग तिथली पुली सैल होईल. शेवटी नंबर कळला, २०५-१६. शेवटचा १६ म्हणजे एक इंच. हे माहीत असतं तर पहिल्याच दिवशी मागवलं असतं. छाटणीचे नऊ दिवस गेले.

नट-बोल्टांचा घोळ याहून चोरटा. परदेशी मशीनवर बऱ्याचदा अमेरिकी इंची आटे असतात. आपल्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात इंची म्हणून जो बोल्ट देतात तो बहुतेक ब्रिटिश आट्याचा असतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टला अमेरिकी पद्धतीत इंचाला १३ आटे, ब्रिटिशमध्ये १२. तो दोन फेऱ्यांतच अडकतो, म्हणजे निदान कळतं तरी. तीन-अष्टमांश इंचीत मात्र दोन्हीकडे १६ च आटे, फक्त आट्याचा कोन वेगळा, एकाचा ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५. बोल्ट चढतो, आवळलाही जातो, पण धड बसत नाही. पाती धरणाऱ्या बोल्टाच्या बाबतीत ही तडजोड करू नका. तिथं कंपनीचा, त्याच ताकदीचाच बोल्ट हवा.

बेल्टची काळजी नाही, बी सेक्शनचा इंची बेल्ट तालुक्यातही मिळतो. जुन्यावरचा नंबर वाचून न्या.

इंजिनाच्या तक्रारी दोन-तीनच आणि सगळ्यांच्या सारख्या. दोन महिने पडून राहिल्यावर दोरी ओढून खांदा दुखतो तरी चालू होत नाही, तेव्हा आधी कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, तुंबलं का ते बघा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या इंजिनांच्या पुस्तिकांत बहुधा १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी लिहिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तळाशी घाण साचते. काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. दुसरं, बांधावर तिरकं उभं असताना चालू झालं नाही तर आधी सपाट जागेवर आणा. तेल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो, उतारावर तो फसतो. माझ्या पुतण्यानं याच कारणासाठी नवा प्लग आणून टाकला होता. तिसरं, एअर फिल्टर. उन्हाळ्यात आमच्याकडची धूळ बघता मी रोज संध्याकाळी झटकतो.

चुऱ्याऐवजी लांब दोरे पडू लागले तर इंजिनाला दोष देऊ नका. पातं बोथट झालेलं असतं किंवा पातं आणि समोरची स्थिर पट्टी यांतलं अंतर वाढलेलं असतं. पुस्तिकेतलं माप बघून फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावा. धार लावताना सगळी पाती सारखीच घासा, एक हलकं झालं की अख्खं मशीन थरथरतं. आणि हे करण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. इंजिन बंद केल्यावरही जड चकती बराच वेळ फिरत राहते. भावाच्या श्रेडरवर तर पीटीओचा शाफ्ट उघडा असतो. उपरणं, पदर, सैल बाह्या, यांतलं काहीही जवळ नको.

विजेवरच्या चिपरबद्दल विचारणारे आहेत. घराजवळ थ्री फेज असेल तर ठीक. शेतात आठवडाभर रात्रीची वीज असताना अंधारात फांद्या कोण घालणार?

अनुदानाचंही बघा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच यंत्र घ्यायचं असतं. आधी घेतलं तर अनुदान गेलं. स्वतः बाहेरून मागवलेल्या मशीनला त्या वाटेनं जाण्याची आशा मी तरी धरली नाही. शिवाय थेट मागवलं तर छापील किमतीवर जहाजभाडं, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, आणि बंदरात कागदासाठी माल अडला की त्याचंही भाडं.

घरी ट्रॅक्टर आहे आणि कपाशी जास्त, तर देशी श्रेडर घ्या. बाग आहे, ट्रॅक्टर नाही किंवा बागेत शिरत नाही, तर परदेशी घ्या, पण मशीनबरोबरच पात्यांचे दोन संच, त्यांचे बोल्ट आणि बेअरिंगची एक जोडी त्याच पेटीत मागवा. विकणारा म्हणेल, लागतील तेव्हा देऊ. मलाही असंच म्हणाला होता, आणि पाती पाच आठवड्यांनी आली.