कॅननची ५५-२५० एसटीएम लेन्स रेल्वेच्या फोटोला कशी आहे? मराठवाड्यातल्या लायनींवर वापरून लिहितोय

आधीच सांगून टाकतो, घ्या. कॅननची ही हलकी टेलीझूम २०१३ ला आली, वजन ३७५ ग्रॅम, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लागते. ५५-२५० हे झूमचे मिलिमीटर, आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. मी संभाजीनगरातून सेकंडहँड घेतली अन् कॅननच्या २००डी कॅमेऱ्यावर लावून दौलताबादपासून पार गंगाखेडपर्यंत वापरतोय. यूट्यूबवर या लेन्सचे रिव्ह्यू ढिगानं आहेत पण सगळे पक्षी नाहीतर लग्नातले फोटो दाखवतात, रेल्वेवाल्यांसाठी कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहायलोय.

लेन्स चांगली का वाईट हे बघायच्या आधी रेल्वेचा फोटो चांगला कुठला हे ठरवावं लागतं. हल्ली दिसणारे बरेचसे फोटो म्हणजे फ्रेम भरून इंजिन, नंबर दिसतो, शेडचं (इंजिन सांभाळतात त्या ठिकाणाचं) नाव दिसतं, संपलं. लालागुडा शेडचं डब्ल्यूएपी-७ इंजिन तेलंगणातल्या काजीपेठला उभं असो का जालन्याला, फोटो तोच. नोंद म्हणून ठीक आहे, पण माझं म्हणणं असं की इंजिन हातानं झाकलं तरी ही लाईन कुठली ते फोटोतून कळायला पाहिजे. काळं रान, हुरड्यावर आलेली ज्वारी, फाटकावर खोळंबलेलं कापसाचं ट्रॅक्टर. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली ते सगळ्यांना आठवत असंल, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाचेक लाख लिटर पाणी. आता नुसते टँकर वॅगन काय कुठल्याही यार्डात दिसतात, त्या गाडीच्या फोटोत लातूर आलं नाही, वाट बघणारी माणसं आली नाहीत, तर तो फोटो काढून उपयोग काय?

तर लेन्स मी याच हिशोबानं तपासली, की ही गाव फ्रेममधी आणू देते का गावाला बाहेर काढते. उत्तर दोन्ही आहे, झूम कुठं ठेवता त्यावर.

दौलताबाद स्टेशनच्या आसपास लायनीच्या दक्षिणेला थांबलं की गाडीमागं देवगिरी किल्ला येतो, अन् हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडं कललेला असतो म्हणून ऊन आपल्या पाठीकडून येऊन गाडीवर अन् किल्ल्यावर दोन्हीवर पडतं. इथं रुळापासून शंभर मीटरवर थांबून कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किटच्या १८-५५ लेन्सनं काढलं तर इंजिन मोठं अन् किल्ला मागं बारका, असून नसल्यासारखा. तेच बांधाबांधानं मागं सरकत अर्धा-पाऊण किलोमीटर गेलात अन् झूम २०० च्या आसपास लावली तर इंजिन फ्रेममधी जवळपास तेवढंच राहतं पण किल्ला उभा राहतो, तो तासलेला कडा, वरची बारादरी, सगळं दिसायला लागतं. खरं काम आपण मागं जाण्यानं होतं, लेन्स फक्त त्यातला पाहिजे तेवढा तुकडा कापून देते, पण तो कापून द्यायला एवढ्या लांबीची लेन्स लागतीच. एवढ्या अंतरावरून २०० वर इंजिन अन् मागचे दोन-तीन डबे एवढंच बसतं हे लक्षात ठेवा. पूर्ण गाडी पाहिजे असंल तर ५५ वर पण मावत नाही, बावीस डब्यांची गाडी पाचशे मीटरच्या वर जाती, त्याला वळणच शोधावं लागतं. आडव्या पळणाऱ्या गाडीला शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, समोरून येणारीला १/५०० चालून जातं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात हलतो तेवढंच सांभाळतं, पळणारी गाडी ते थांबवत नाही, हे लै जणांना पटत नाही पण तसंच आहे.

आता जिथं २५० वापरू नये ते. आपल्याकडं वीज आली, तारा आल्या, खांब आले. सरळ लायनीवर समोरून २५० वर काढलं की सगळे खांब एकावर एक चढतात अन् इंजिन बाभळीच्या रानातून बाहेर पडल्यासारखं दिसतं. तीच गाडी जवळ येऊ देऊन ७०-८० वर काढा, खांब सुटे होतात, मधून आभाळ दिसतं, शेत दिसतं. एकेरी लाईन असंल तर खांब ज्या बाजूला आहेत त्याच्या उलट बाजूला थांबायचं. आपला मुलूख सपाट आहे, त्यामुळं जालना-परभणीच्या पट्ट्यात माझे बहुतेक बरे फोटो ५५ ते १०० मधलेच आहेत.

अन् उन्हाळा. मार्चपासून पुढं सकाळी नऊ वाजून गेले की खडीवरून अन् नांगरलेल्या काळ्या रानावरून गरम हवा उठती, अर्ध्या किलोमीटरवरच्या इंजिनाच्या कडा थरथरतात, नंबर वाचता येत नाही. लोक म्हणतात लेन्सचा फोकस गेला. काही गेला नाही, दोन लाखाची लेन्स लावली तरी तसंच येणार. जवळ जाऊन कमी झूमवर काढा नाहीतर दिवस उगवल्यावर तासाभरात काम उरका.

फोकस मस्त आहे, गप्पगार अन् चटकन. सर्व्हो मोड (हलत्या गाडीवर फोकस सारखा धरून ठेवतो तो), मधला पॉईंट, गाडी वळणावर दिसली की पकडून ठेवायची. वंदे भारत (जालन्याहून ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली, नंतर नांदेडपर्यंत नेली) काढताना पांढरं नाक उन्हात जळतं, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) अर्धा-पाऊण स्टॉप खाली ठेवा.

गंगाखेडला मात्र ही लेन्स मनापासून आवडली. गोदावरीचा पूल, संध्याकाळी वरच्या अंगाला म्हणजे पश्चिमेकडं थांबलं की ऊन पुलावर पडतं. खाली पात्रात एक मावशी धुणं धूत होत्या. म्हणलं मावशी, तुम्ही फोटूत येताय, चालंल का? "गाडीचा काढायलास का माझा?" म्हणलं दोघींचा. हसल्या. परळीकडची गाडी पुलावर चढली तसा आवाज झाला, त्यांनी पिळत असलेलं लुगडं हातात तसंच धरून मान वर केली, पिळातून पाणी गळायलं होतं. ८५ वर काढलाय, गाडी वरच्या कडेला बारीक आहे, नंबर दिसत नाही, पण पाण्याचा थेंबन्‌थेंब सुटा आलाय. या किमतीच्या लेन्सकडून यापेक्षा जास्त मागू नये.

कमी कुठं पडते ते पण सांगतो. रात्री. २५० ला अपर्चर (उजेड आत यायचं भोक) ५.६, म्हणजे ५० मिलिमीटरच्या १.८ अपर्चरवाल्या लेन्सपुढं साधारण दहावा हिस्सा उजेड. परभणीच्या प्लॅटफॉर्मवर रात्रीचं काढायचं असंल तर ती ५० घ्या, स्वस्त पण आहे. फ्लॅशनं काढायचं डोक्यात आणू नका, लोको पायलटच्या डोळ्यावर जातो. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक म्हणून फोटोग्राफर होते, त्यांनी १९५५ ते १९६० मधी नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्री ढीगभर फ्लॅश बल्ब पेटवून काढली, पण ती सगळी आधी मांडून, रेल्वेची साथ घेऊन. ते फोटो जमलं तर जरूर बघा, इंजिनाशेजारी ओढ्यात डुंबणारी पोरं आहेत, घराच्या खिडकीतली माणसं आहेत.

माऊंट (कॅमेऱ्याला बसणारा भाग) प्लॅस्टिकचा आहे, धूळ-पाण्यापासून सीलिंग नाही, आपल्याकडच्या धुळीत लेन्स सारखी काढघाल करू नका. कॅमेरा बंद असला की फोकस रिंग फिरवून काही होत नाही, मोटारवरच चालते. हूड (लेन्सच्या पुढं लावायचं, उन्हाची तिरीप अडवणारं कडं) सोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, ईटी-६३ नावाचा, अन् तो घ्याच, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फरक पडतो.

रुळावर उतरायचं नाही, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, दोन्ही पण होऊ शकतं. वर २५ हजार व्होल्टची तार आहे, पुलावरून ट्रायपॉड नाहीतर सेल्फी स्टिक उंच धरायची नाही. एवढी लांब लेन्स हातात असताना जवळ जायची गरजच पडत नाही, शेतवाल्याला विचारून त्याच्या बांधावर थांबा.

कॅननची मिररलेस (आत आरसा नसलेली) आर सिरीज घेणार असाल तर ही लेन्स ॲडॅप्टर लावून चालते. जुनी डीएसएलआर असंल तर दुसरं काही बघू नका. सेकंडहँड घेताना पुढच्या काचेवर टॉर्च मारून बुरशी बघा, अन् ५५ अन् २५० दोन्हीवर लांबच्या खांबाचा फोटो काढून तिथंच झूम करून तपासा, मग पैसे द्या.