भोसरीतून आणलेलं लेस्टरचं ब्रिजपोर्ट: दोन वर्षं वापरल्यावर

भोसरीतल्या जुन्या मशिनांच्या एका गाळ्यात दोन टरेट मिलिंग मशिनं (फिरत्या कटरने धातू कापणारी, वरचं डोकं वळवता येणारी) शेजारी शेजारी उभी होती. एकाला ताजा हिरवा रंग दिलेला, डायलचे आकडेसुद्धा नव्याने भरलेले. दुसऱ्याच्या राखाडी रंगाचे पोपडे निघालेले, टेबलावर ड्रिलने पाडलेले सात-आठ खड्डे आणि अंगावर पाटी: ॲडकॉक अँड शिप्ली, लेस्टर. ब्रिजपोर्ट हे मिलिंग मशीन मूळचं अमेरिकेतल्या कनेक्टिकटचं, १९३८ सालापासूनचं. इंग्लंडमध्ये ते ही ॲडकॉक कंपनी परवान्यावर लेस्टरला बनवायची. याच घडणीच्या मशिनाला आपल्याकडे सगळे एमवनटीआर म्हणतात.

मी तळेगावला घरामागच्या बारा बाय दहाच्या खोलीत वाफेच्या इंजिनांची छोटी मॉडेल बनवतो. सोबत मामांना नेलं होतं. त्यांची तीस वर्षं टूलरूममध्ये स्क्रॅपिंग करण्यात, म्हणजे मशिनांचे सरकते पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट करण्यात गेली. मी हिरव्या मशिनाकडे वळलो तसे ते म्हणाले, "रंग राहू दे. आधी हँडल फिरव."

टेबल मध्यावर आणून त्यांनी जिब, म्हणजे सरकत्या भागातली फट घालवणारी पट्टी, एवढी आवळली की हँडल जेमतेम जड लागावं. मग टेबल एका टोकाला न्यायला सांगितलं. हिरवं मशीन शेवटच्या चार इंचांत अडकलंच. काम कायम मध्यावर होतं, त्यामुळे स्लाइड (टेबल ज्यावर सरकतं तो भाग) आणि टेबल सरकवणारा स्क्रू मध्येच झिजतात आणि टोकं कोरी राहतात. अशी स्लाइड मध्यावर घट्ट करावी तर टोकाला जाम होते, टोकाला मोकळी ठेवावी तर मध्ये डुलते. त्यावर इलाज एकच, ग्राइंडिंग आणि पुन्हा स्क्रॅपिंग. आजच्या मजुरीत त्याचा खर्च मशिनाच्या किमतीच्या वर जाईल.

राखाडी मशीनही टोकाला थोडं जड झालं, पण फिरत राहिलं. बॅकलॅश, म्हणजे उलट दिशेला फिरवताना हँडलची रिकामी फिरकी, मध्यावर १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), टोकाला ११. स्क्रूवरचा नट आवळून घरी तो बराच कमी केला. नी, म्हणजे टेबल उचलणारा खालचा भाग, त्याच्या स्लाइडवर स्क्रॅपिंगच्या चंद्रकोरी खालच्या अंगाला अजून स्पष्ट दिसत होत्या, वर पुसट झालेल्या. क्विल (स्पिंडलला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याला, धरून वरखाली होणारी नळी) पूर्ण पाच इंच खाली काढून डायल गेज लावून दाबून पाहिली, काटा एका थाऊच्या आत राहिला. टेपरमध्ये (कटर बसतो त्या निमुळत्या भोकात) स्पिंडलचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, अर्धा थाऊसुद्धा नव्हता. तिथेच माझा निर्णय झाला.

खटकलेली गोष्ट सांगायलाच हवी. आधी कुणीतरी ऑइलच्या जागी ग्रीस मारलं होतं. ते नळ्यांत वाळून दगड झालेलं, त्यामुळे क्रॉस स्लाइडला कित्येक वर्षं तेल पोचलंच नव्हतं. सॅडल (टेबलाखालचा सरकता भाग) उतरवून नळ्या साफ करायला माझे तीन रविवार गेले. मशीन बघायला जाल तेव्हा ऑइल पंप मारा आणि प्रत्येक स्लाइडवर तेल येतंय का ते स्वतः बोट लावून पाहा.

मोटरचाही कनेक्शन बॉक्स उघडायला लावा. घरी सिंगल फेज असेल तर २३० व्होल्टचा व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा कंट्रोलर) लावावा लागतो, आणि त्यासाठी मोटरची जोडणी स्टारची डेल्टा करावी लागते. बॉक्समध्ये सहा टोकं असली की काम सोपं. तीनच असली तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत असतो, तो वाइंडरकडून बाहेर काढून घ्यावा लागतो. माझ्याकडे सहा होती. हेड (मोटर आणि स्पिंडल असलेला वरचा भाग) स्टेप पुलीचं आहे: पट्ट्याचे चार वेग, बॅकगिअरवर आणखी चार. वेग बदलायला पट्टा हाताने सरकवावा लागतो, पण त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही.

मशिनाचे १ लाख ४० हजार, हायड्रा क्रेन आणि टेम्पोचे ९ हजार, व्हीएफडीचे ११ हजार. वजन टनाच्या जवळपास. नेताना नी खाली घेतली, रॅम (हेड धरणारा वरचा आडवा भाग) मागे सारला आणि हेड उलटं फिरवलं, म्हणजे भार खाली राहतो. तरी दाराच्या लिंटेलखाली ते मावलं नाही, शेवटी हेड उतरवावंच लागलं. उंची आधी मोजा.

स्क्रू इंची आहे. हँडलच्या एका फेऱ्याला २०० थाऊ, म्हणजे ५.०८ मिमी. मिलिमीटरच्या ड्रॉइंगवर काम करताना डोकं शिणायचं, म्हणून सहा महिन्यांनी डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) बसवला. कटर पकडणारे आर८ कोलेट सहज मिळतात, हे मोठं सुख. चौदा मिमीच्या एंडमिल कटरने बिडाच्या सिलिंडर ब्लॉकवर दीड मिमीचा कट घेतला तरी मशीन थरथरत नाही, आणि फिनिश असं येतं की पॉलिश पेपर लावायला मन होत नाही.

मामा मागच्या महिन्यात येऊन गेले. त्यांच्या सांगण्यावरून आता व्हाइस टेबलाच्या मध्यावरून काढून डाव्या अंगाला बांधला आहे, म्हणजे स्क्रूचा आजवर न झिजलेला भाग कामाला येतो.