शेवाळही त्याचंच, औषधही त्याचंच

माझी खाऱ्या पाण्याची टाकी लहान, ६० लिटरची. दोन क्लाऊनफिश, एक क्लीनर श्रिम्प, सहा टर्बो गोगलगायी, दोन हर्मिट क्रॅब आणि थोडे झोआ, म्हणजे प्रवाळासारखे छोटे जीव. त्यातले आज फक्त मासे उरलेत. बाकीचे शेवाळाने मेले नाहीत. शेवाळ घालवायला मी ज्याच्याकडे गेले, त्याच्यावर विश्वास ठेवल्याने मेले.

नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असं बरंच काही असू शकतं, ते टाकीत घालू नये, एवढं मी वाचून होते. पण पाण्यातलं हे सगळं काढणारं आरओ-डीआयचं यंत्र बसवायचं जिवावर आलं, म्हणून एका विक्रेत्याकडून ‘झीरो टीडीएस’, म्हणजे विरघळलेले क्षार शून्य, अशा पाण्याचे कॅन घ्यायला लागले. पहिल्या दिवशी त्याने माझ्यासमोर यंत्राच्या नळीखाली पेला धरला आणि मीटर बुडवला. आकडा ०. मग माझे कॅन भरायला तो आत गेला. यंत्र बाहेर असताना आत कशाला, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

महिनाभरात वाळूवर तपकिरी थर आला. नव्या टाकीत डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ) येतातच, म्हणून सोडून दिलं. पुढे दगडांवर हिरवी लव धरली आणि बघता बघता तिचे बोटभर लांब केस झाले. झोआ त्यात गुदमरायला लागले. टूथब्रशने घासायचं, हाताने उपटायचं, आठ दिवसांत पुन्हा तेवढंच.

टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन त्याच्याकडेच गेले. त्याने लगेच किट काढलं. फॉस्फेट शून्य, नायट्रेट जवळपास शून्य. “मॅडम, पाणी एक नंबर आहे. शेवाळ दगडातून आलंय, त्याला औषधच लागेल.”

मी अडकले ती इथेच. आकडे खोटे नव्हते. केसाळ शेवाळ एवढं माजलेलं असतं तेव्हा पाण्यात आलेलं फॉस्फेट ते आल्या आल्या खाऊन टाकतं. किट दाखवतं ते खाऊन उरलेलं. म्हणजे ताट रिकामं आहे म्हणून कुणी जेवलंच नाही असं म्हणण्यातली ही गत. त्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही, कारण तो हा धंदा कालपासून करत नव्हता. पाण्याकडे बोट जाऊ नये म्हणून त्याला नेमका तो शून्य हवा होता. तपासायला हवं होतं कॅनमधलं पाणी. ते ना त्याने मागितलं, ना मी नेलं.

औषधाची बाटली पांढरी, अपारदर्शक. वर ठळक अक्षरांत ‘रीफ सेफ’, म्हणजे प्रवाळ आणि बिनकण्याच्या जिवांना निर्धोक. घटकांची यादी कुठेच नाही. चार दिवस रोज थोडं घालायचं होतं.

तिसऱ्या दिवशी शेवाळ फिकट पडलं आणि मी खूश झाले. त्याच संध्याकाळी पाहिलं तर काचेवर एकही गोगलगाय नव्हती. सगळ्या वाळूत उताण्या पडलेल्या. सकाळी श्रिम्प मेलेला, हर्मिट क्रॅब शंखातून अर्धवट बाहेर. झोआ मिटले ते पुन्हा उघडलेच नाहीत. मासे मात्र मजेत फिरत होते. मेलेले जीव आणि कुजणारं शेवाळ यांमुळे अमोनिया वर जायला लागला, म्हणून पाणी बदलायला धावले. बदललं अर्थात त्याच कॅनमधल्या पाण्याने.

शेवटी या छंदात मुरलेल्या एका काकांना बोलावलं. टाकीकडे त्यांनी एकदाच पाहिलं. “मासे जिवंत आणि गोगलगायी मेलेल्या? तांबं असणार.” त्यांनी तांब्याचं किट लावलं, रंग चढला. मग पेलाभर ताज्या खाऱ्या पाण्यात त्या बाटलीतले दोन थेंब टाकले. रंग तक्त्याच्या पार पलीकडे गेला. माशांच्या परजीवींवर तांब्याचं औषध देतात, पण ते वेगळ्या टाकीत, कारण माशांना झेपणारी मात्रा बिनकण्याच्या जिवांना मारते. रीफ टाकीत ते घालायचंच नसतं.

मग काकांनी टीडीएस मीटर कॅनमध्ये बुडवला. १६४. माझ्या नळाचं पाणी मोजलं, ते १७१. आम्ही दोघंही काही बोललो नाही. कॅनमधलं फॉस्फेट निघालं लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम.

हे एवढंसं वाटेल, पण लहान टाकीत हिशोब भयंकर होतो. माझ्याकडे रोज साधारण लिटरभर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, फॉस्फेट मागेच राहतं. त्याच्या जागी मी रोज फॉस्फेटवालं लिटरभर ओतत होते. ६० दिवसांत ६० लिटर, म्हणजे टाकी पहिल्यांदा भरताना जेवढं फॉस्फेट घातलं तेवढंच पुन्हा एकदा. शेवाळाला मी हाताने भरवत होते.

विक्रेत्याला जाब विचारला. आधी म्हणाला, “मीटर-मीटरमध्ये फरक असतो.” फरक १६४चा? मग म्हणाला, “मासे तर जिवंत आहेत ना?” आणि वर मीठ मिसळून तयार खारं पाणीच घ्या, म्हणजे कटकट नको, असा सल्ला दिला. हा सल्ला कुणी दिला तर तिथेच सावध व्हा. एकदा मीठ पडलं की टीडीएस मीटर हजारोंत जातो आणि मूळ पाणी कसं होतं ते मीटरवर कळायची सोय उरत नाही. मीटर आपला असावा आणि तो मीठ घालायच्या आधी, भरून दिलेल्या प्रत्येक कॅनमध्ये बुडवावा. यंत्राच्या नळीखालचा शून्य कॅनमध्ये असेलच असं नाही. डीआयचं रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे) संपलं की सिलिकेट आधी निसटतं, तेव्हा खरं यंत्र वापरणाऱ्याचंही पाणी अधूनमधून तपासावं.

आता यंत्र घरी बसवलंय. दगड, वाळू सगळं काढून टाकलं, कारण तांबं त्यांत मुरतं आणि हळूहळू परत सुटत राहतं. नव्या दगडांवर पहिल्या दोन महिन्यांत थोडी लव आलीच. लाइट ११ तासांवरून ७ वर आणला, गोठवलेलं खाद्य चाळणीत धुऊन घालते, आठवड्याला ८ लिटर पाणी बदलते, दिसेल ते केस उपटते. फॉस्फेट शून्यावर न्यायचा हट्ट धरत नाही, ०.०३ ते ०.१च्या मध्ये ठेवते. अगदी शून्य केलं की डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव माजू शकतात आणि त्यांच्यापुढे केसाळ शेवाळ बरं म्हणायची पाळी येते. यातलं काहीच बाटलीत मिळत नाही, आणि झटपट तर काहीच होत नाही.

नव्या गोगलगायी अजून आणलेल्या नाहीत. जुने दगड एका बादलीत खाऱ्या पाण्यात ठेवलेत, त्यातलं पाणी तीनदा बदललं. परवा बादलीला तांब्याचं किट लावून पाहिलं. रंग अजून चढतो.