बंदरनिहाय भाव, मॉडेल एकच: हंगामभर पॉवर बीआय वापरल्यावर

रत्नागिरीतलं मासळी प्रक्रियेचं युनिट. रिपोर्ट बघणारे चार गट: मिरकरवाडा, हर्णे आणि मालवण बंदरांवरचे खरेदी सुपरवायझर, प्लँट, अकाउंट्स आणि मालक मंडळी. अट कडक आहे: हर्णेवाल्याला मालवणात सुरमई कितीने उचलली ते दिसता कामा नये. हंगामभर वापरल्यावर मत असं की पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) हे काम चोख करतं, पण कुलूप डेटा मॉडेललाच, म्हणजे रिपोर्टांच्या मुळाशी असलेल्या जोडलेल्या तक्त्यांनाच, लावायला हवं. पानं लपवून भागत नाही; लपवलेलं पान लिंकने उघडतं. फिल्टर तर निव्वळ दाखवण्यापुरताच.

शेअर बटणापासून लांब राहा. 'पुढे शेअर करू द्या' आणि 'या डेटावर नवीन काही बनवू द्या' या दोन्ही खुणा तिथे आधीच लागलेल्या असतात. अशी लिंक व्हॉट्सॲपवर फिरली की निस्तरत बसावं लागतं. त्यापेक्षा वर्कस्पेसचं (रिपोर्ट एकत्र ठेवायच्या सामायिक जागेचं) ॲप प्रकाशित करून गटागटाला वेगळा ऑडियन्स, म्हणजे बघणाऱ्यांची वेगळी यादी, द्या. एका ॲपात २५ पर्यंत ऑडियन्स बसतात. मात्र ऑडियन्समध्ये अख्खा रिपोर्ट दाखवता किंवा लपवता येतो, एखादं पान नाही. म्हणून मॉडेल एकच ठेवून त्यावर प्लँटचा, खरेदीचा, हिशोबाचा असे वेगवेगळे हलके रिपोर्ट करा. रिपोर्ट बदलल्यावर 'अपडेट ॲप' दाबायला विसरलात तर लोकांना जुनीच मांडणी दिसते. आकडे मात्र ताजे येत राहतात, त्यामुळे ही चूक पटकन लक्षात येत नाही.

आता मुख्य भाग, रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कोणाला तक्त्यातल्या कोणत्या ओळी दिसाव्यात याची सोय. बंदरागणिक वेगळा रोल (ओळी गाळण्याचा नियम) करू नका. ईमेल आणि बंदर अशा दोन रकान्यांचा एक तक्ता करा. दोन बंदरं सांभाळणाऱ्याच्या दोन ओळी. एकच रोल, आणि त्यात अट अशी की ईमेल हा युजरप्रिन्सिपलनेम फंक्शनमधून येणाऱ्या, लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाशी जुळला पाहिजे. हा तक्ता बंदरांच्या तक्त्याला जोडताना नातं दोन्ही दिशांचं ठेवा आणि सुरक्षा फिल्टर दोन्हीकडे लागू करण्याची खूण विसरू नका. ती राहिली तर अट फक्त ईमेलच्या तक्त्यापुरती लागते आणि सुपरवायझरला तिन्ही बंदरांचे भाव दिसतात. एररही येत नाही, हाच धोका. रोलमध्ये माणूस आहे पण तक्त्यात त्याची ओळ नाही, तर रिपोर्ट कोरा. रोलमध्येच नसेल तर चार्टच्या जागी एरर.

ही सुरक्षा वर्कस्पेसमध्ये फक्त व्ह्यूअरला, म्हणजे नुसतं बघणाऱ्याला, लागते. ॲडमिन, मेंबर, काँट्रिब्युटर या बदल करू शकणाऱ्यांना सगळं उघडं. 'एक चार्ट नीट करायचाय' म्हणून एखाद्या सुपरवायझरला काँट्रिब्युटर केलंत की संपलं. रोलमध्ये एकेक नाव न घालता सिक्युरिटी ग्रुप घाला. मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप तिथे चालत नाही.

'माझा भाव विरुद्ध सगळ्या बंदरांची सरासरी' ही मागणी येणारच. साध्या मेझरने (रिपोर्टातल्या हिशोबाच्या सूत्राने) ती पुरी होत नाही, कारण सरासरीही त्याच माणसाच्या बंदरापुरती गाळली जाते. रिफ्रेशच्या (मॉडेलमधला डेटा ताजा करण्याच्या) वेळीच सरासरी काढून बंदरांच्या तक्त्याला न जोडलेल्या वेगळ्या तक्त्यात ठेवावी लागते. तीन बंदरं असताना ती दाखवावी का, हा प्रश्न उरतोच. एखाद्या दिवशी दोनच ठिकाणी माल आला, तर समोरच्याचा भाव काढायला बोटांवरची बेरीज पुरते. आमच्या मते आठवड्याचीच सरासरी द्यावी.

वेळेचं एक दुखणं. सर्व्हिसवर, म्हणजे पॉवर बीआयच्या ऑनलाइन बाजूला, टुडे फंक्शन यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरतं, त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत 'आजची खरेदी' कालचीच असते, आणि बोटींची घाई नेमकी त्याच वेळी. यूटीसीनाऊ या फंक्शनच्या वेळेत साडेपाच तास मिळवून तारीख काढा.

प्रो या माणशी पैसे भरायच्या लायसन्सवर दिवसाला ८ रिफ्रेश ठरवता येतात. डेटा ऑफिसच्या सर्व्हरवर असेल तर गेटवेचा (तो डेटा ऑनलाइन पोचवणाऱ्या प्रोग्रॅमचा) कॉम्प्युटर सतत चालू हवा. तो झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा आणि यूपीएसवर ठेवा. कोकणातल्या पावसात लाइट जाणार हे धरूनच चाला. लागोपाठ ४ रिफ्रेश फसले की वेळापत्रकच बंद पडतं. लाइट आल्यावर ते आपोआप सुरू होत नाही, हाताने चालू करावं लागतं. दुसरी मेख इथलीच: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. खरेदीचे रिपोर्ट कोणी उघडत नाही, आणि दोन महिने मॉडेलकडे कोणी फिरकलं नाही तर रिफ्रेश थांबवला जातो. जुलैच्या मध्यात रिपोर्ट एकदा उघडून ठेवा.

खर्चाचं थोडक्यात. प्रोचा दर एप्रिल २०२५ पासून माणशी महिना १० ऐवजी १४ डॉलर. एफ ६४ किंवा त्यावरची कपॅसिटी (मायक्रोसॉफ्टकडून कंपनीसाठी घ्यायची राखीव क्षमता) असेल तर नुसतं बघणाऱ्यांना फुकट लायसन्स चालतं, पण एवढ्या युनिटला ती झेपणारी नाही. पैसे वाचवायला तिन्ही बंदरांवर सगळ्यांत मिळून एक लॉगिन वापरायचा मोह होतो. लायसन्सच्या नियमात ते बसत नाहीच, शिवाय ईमेलवर उभी केलेली सगळी बंदरनिहाय व्यवस्था त्याच दिवशी मोडीत निघते. त्यापेक्षा बंदरावर एकालाच लायसन्स द्या आणि बाकीच्यांना त्याने रोजची पीडीएफ पाठवावी.