जोडीदार गेलेल्या कुत्र्यासाठी काँग क्लासिक, आणि घ्याव्यात की नको अशा आणखी काही वस्तू

घरातल्या दोन कुत्र्यांपैकी एक गेला की मागे राहिलेल्याच्या दोन गोष्टी आधी बिघडतात: जेवण आणि एकटं राहणं. माणसं कामावर गेली तरी आजवर त्याला सोबत असायची. आता दार बंद झालं की घरात तो एकटाच. २०२२ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात इटलीतल्या ४२६ श्वानपालकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ८६ टक्के पालकांना मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात वाईट बदल दिसला होता. ६७ टक्के कुत्रे सारखं लक्ष मागू लागले, ५७ टक्क्यांचं खेळणं कमी झालं, ३२ टक्क्यांचं खाणं घटलं. दोघं किती वर्षं एकत्र होते यापेक्षा त्यांचं नातं कसं होतं, यावर हा बदल अवलंबून होता. म्हणून ‘वर्षभराचीच तर सोबत होती’ म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये.

या दिवसांत माणसं ऑनलाइन बरंच काही मागवतात. त्यातली खरी कामाची वस्तू माझ्या मते काँग क्लासिक, म्हणजे आत खाणं भरून द्यायचं पोकळ रबरी खेळणं. तीही बरोबर वापरली तरच.

मात्र खरेदीच्या आधी डॉक्टर. जेवण टाकलेला कुत्रा दुःखी आहे असं आपण धरून चालतो, आणि त्याला खरं तर गोचीड ताप असतो. दोघं एकाच अंगणात फिरलेले, एकाच साचलेल्या पाण्याला तोंड लावलेले. पहिला गोचीड तापाने, लेप्टोने किंवा पार्व्हो या विषाणूच्या संसर्गाने गेला असेल तर दुसऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. मोठा कुत्रा दोन दिवस काहीच खात नसेल, पाणीही पीत नसेल, उलट्या होत असतील, किंवा हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, तर हा विषय खेळण्यांचा नाहीच.

आता काँग. लाल नैसर्गिक रबराचा, आतून पोकळ, तीन फुगीर कड्यांचा हा तुकडा. खाली मोठं भोक, वर बारीक. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जो मार्कहम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावायचा. फोक्सवॅगन गाडीच्या सस्पेन्शनमधला रबरी भाग त्याला आवडला आणि त्या आकारावरून हे खेळणं निघालं. वरचं बारीक भोक शोभेचं नाही, त्यातून हवा आत-बाहेर होते. एकच भोक असलेल्या पोकळ खेळण्यात कुत्रा जीभ घालून चाटू लागला की आतली हवा ओढली जाऊन निर्वात पोकळी तयार होते आणि जीभ अडकून सुजते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकलांमध्ये हे दुसरं भोक पुष्कळदा नसतं. पैसे वाचवायचे तर इतर कशात वाचवा, इथे नको.

माप वजनावरून घ्यायचं. ७ ते १६ किलोला मीडियम, १३ ते ३० किलोला लार्ज, २७ ते ४१ किलोला एक्स्ट्रा लार्ज. आपले बहुतेक देशी कुत्रे आणि तीस किलोच्या आतले लॅब्रेडॉर लार्जमध्ये बसतात. दोन मापांच्या सीमेवर असाल तर मोठं घ्या, लहान घशात अडकू शकतं. काळा काँग कडक चावणाऱ्यांसाठी, जांभळा म्हाताऱ्यांसाठी. जोडीतला मागे राहिलेला कुत्रा वयस्क असण्याची शक्यता बरीच असते, आणि त्याच्या झिजलेल्या दातांना लाल रबरही जड जातं. दहा वर्षांच्या पुढच्या कुत्र्याला सरळ मऊ जांभळाच द्या.

बहुतेक घरांत चूक होते ती पहिल्याच दिवशी. इंटरनेटवर बघून काँग ठासून भरतात, फ्रीझरमध्ये गोठवतात आणि कुत्र्यासमोर ठेवतात. मन लागत नसलेला कुत्रा दोनदा हुंगून निघून जातो. एक तर गोठलेल्या खाण्याला वास कमी येतो, आणि अशा दिवसांत त्याला ओढून आणायला वासाशिवाय दुसरं काही नसतं. शिवाय थोडी मेहनत करून काहीच मिळालं नाही की तो लगेच सोडून देतो. म्हणून सुरुवात अगदी सोपी हवी.

पहिले चार-पाच दिवस रोजच्या जेवणातलेच चार चमचे किबल, म्हणजे कोरड्या खाण्याचे दाणे, आत सैल टाका. नाकाने ढकललं की दाणे घरंगळले पाहिजेत, पाच-दहा मिनिटांत संपले पाहिजेत. वीस मिनिटं तोंडच लावलं नाही तर काँग उचलून ठेवा आणि तेच दाणे हातावर घेऊन भरवा. हातावरचं खातोय म्हणजे भूक आहे, उत्साह नाही. मग किबल कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून द्या. त्यात चमचाभर साधं दही किंवा शिजवून कुस्करलेला लाल भोपळा. चिकन उकडल्याचं कोमट पाणी सगळ्यात चांगलं चालतं, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. म्हणजे घरच्या रश्श्यातलं पाणी चालणार नाही, वेगळं उकडावं लागेल. तो काँग रिकामा करून परत आणून देऊ लागला की हळूहळू घट्ट भरा. गोठवायची वेळ सहसा दोन-तीन आठवड्यांनी येते. तेव्हा बारीक भोक रताळ्याच्या गोळीने बुजवा, काँग स्टीलच्या पेल्यात उलटा उभा करा, भरा आणि चार तास फ्रीझरमध्ये ठेवा. देण्याआधी गोळी काढून भोक मोकळं करा. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावरची घटकांची यादी वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विष आहे. मनुका, द्राक्षं, चॉकलेटही तसंच.

काँगमध्ये जे भरलं ते जेवणातून वजा करा. या काळात फिरणं-धावणं कमी झालेलं असतं, त्यातून दया येऊन घरातला प्रत्येक जण काहीतरी भरवत असतो. दोन-तीन महिन्यांत वजन वाढतं आणि सांध्यांवर येतं.

जागेचा विचार कुणी करत नाही, आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. जोडीत पुष्कळदा एक आधी खातो, दुसरा मागे थांबतो. थांबायची सवय असलेला कुत्रा आता भरल्या भांड्यासमोर उभा राहतो, दाराकडे बघतो, पुन्हा भांड्याकडे बघतो आणि खात नाही. आपल्याला वाटतं भूक नाही. तो पाळी यायची वाट बघत असतो. अशा वेळी काँग जुन्या जेवणाच्या कोपऱ्यात न देता दुसऱ्या खोलीत, वेगळ्या सतरंजीवर द्या. नव्या जागेला जुनी पाळी नसते.

एकटं राहण्याच्या सरावासाठी काँग उत्तम, पण फक्त बाहेर पडताना देऊ नका. तसं केलं तर काँग दिसला की आता ही माणसं जाणार, एवढंच तो शिकतो, आणि मग काँगलाच बिचकतो. आधी आपण त्याच खोलीत असताना द्या, मग दार उघडं ठेवून शेजारच्या खोलीत जा, मग पाच मिनिटं जिन्यात जा. जुना फोन कॅमेरा म्हणून लावून ठेवा. परत आल्यावर काँग जसाच्या तसा पडलेला असेल आणि आपण चप्पल काढेपर्यंत तो त्यावर तुटून पडला असेल, तर हे साधं उदास होणं नाही, ती एकटं राहण्याची भीती आहे. घाबरलेला कुत्रा चांगलं खाणंही तोंडात घेत नाही. लाळ, धाप, दार ओरबाडणं सोबत असेल तर खेळण्यांवर आणखी पैसे घालू नका, कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा. औषधाने फरक पडतो, पण ते त्यांनीच ठरवायचं.

काँगचे त्रास सांगायचे तर फरशीवर तो धाडधाड आपटतो आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. जाड पायपुसणं खाली घाला. दही-भोपळा भरला की मुंग्या येतात, म्हणून संपल्यावर लगेच उचला. धुताना बाटलीचा ब्रश लागतो. वरच्या टोकाशी राहिलेलं दही पावसाळ्यात दोन दिवसांत कुजकट वास मारतं. रबराला चिरा गेल्या किंवा तुकडा निघाला की टाकून द्या.

स्नफल मॅट, म्हणजे रबरी जाळीत फ्लीस या मऊ कापडाच्या पट्ट्या ओवलेला गालिचा, हा काँगचा चांगला जोडीदार. हुंगून शोधण्यात कुत्रा शांत होतो, आणि ज्याला चावण्यात रस उरलेला नाही तोही हुंगतो. पहिले दाणे पट्ट्यांच्या वरच ठेवा, आत नंतर. कुत्र्याला या मॅटसोबत एकटं मात्र सोडू नका, गिळलेली पट्टी आतड्यात अडकते. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये ही मॅट वाळायला दिवस लागतात. तेवढ्यासाठी जुना टॉवेल गुंडाळून त्यात दाणे लपवले तरी काम तेच होतं. पहिला कुत्रा पार्व्होने गेला असेल तर त्याची मॅट आणि अंथरूण ठेवूच नका, तो विषाणू वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतो. संसर्ग नसेल तर मात्र अंथरूण घाईने धुऊ नये. मागे राहिलेला त्यावर जाऊन झोपत असेल तर झोपू द्या.

अ‍ॅडॅप्टिल डिफ्यूजरबद्दल, म्हणजे प्लगला लावून बाटलीतलं द्रव्य हवेत सोडणाऱ्या उपकरणाबद्दल, खूप विचारणा होते. पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीच्या अंगातून सुटणाऱ्या एका रासायनिक संकेताची हे द्रव्य म्हणजे नक्कल. एक बाटली ३० दिवस चालते, ५० ते ७० चौरस मीटरला पुरते. बेचैन होऊन फेऱ्या मारणाऱ्या कुत्र्यासाठी महिनाभर करून बघायला हरकत नाही. नुसता झोपून राहणाऱ्यासाठी मी घेणार नाही. याच्या परिणामाचे पुरावे संमिश्र आहेत, आणि आपल्याकडे खिडक्या उघड्या व पंखा फुल म्हणजे निम्मं बाहेर जातं. डिफ्यूजर सोफ्यामागे किंवा पडद्याआड लावायचा नाही, आणि रात्रंदिवस चालू ठेवायचा. अमेरिकेतून कुणी आणून देत असेल तर आधी लेबल बघा: तिथला डिफ्यूजर साधारण १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टला जोडायचा नाही. उघड्या घरात अ‍ॅडॅप्टिलचाच गळपट्टा जास्त सोयीचा. तो कातडीला टेकलेला हवा, कारण अंगाच्या उबेनेच काम करतो, आणि सुमारे चार आठवड्यांनी बदलावा लागतो. याऐवजी सुगंधी तेलांचा दिवा लावू नका, टी ट्रीसारखी तेलं कुत्र्यांना अपाय करतात.

अंगाला आवळून बसणारं जॅकेट फटाक्यांच्या भीतीला कधी उपयोगी पडतं. या कामाला ते घेऊ नये, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर नाहीच.

काही महिन्यांनी नवा कुत्रा आणलात तर एकच काळजी घ्या. इतके दिवस भरलेला काँग फक्त जुन्याचा होता, आणि आता त्यावर दुसऱ्याचं नाक आलं की आजवर कधी न गुरगुरलेला कुत्राही गुरगुरतो. दोघांचे काँग वेगळे ठेवा, पहिले काही महिने मधलं दार बंद करून द्या, आणि दोन्ही रिकामे झाल्यावर आधी काँग उचला, मग दार उघडा.