शेतीची माहिती संगणकाला शिकवायची: नोंदी काढून की मजकूर भरवून?

जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला मराठीत उत्तर देणारी यंत्रणा उभारायची, तर दोन वाटा आहेत. पहिलीत संगणक जालावरची पानं वाचून सुट्या नोंदी काढतो: केळीचा रोग हरण्या, हरण्या पसरवतो मावा. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने जानेवारी २०१० मध्ये सुरू केलेला ‘नेल’ हा प्रोग्राम याच वाटेचा. थोड्या उदाहरणांवरून वाक्यांचे साचे हेरायचे, साच्यांवरून नवी उदाहरणं शोधायची आणि प्रत्येक नोंदीपुढे तिची खात्री किती ते मांडायचं. दुसरीत तयार भाषा-मॉडेलला, म्हणजे भरपूर मजकुरावरून वाक्यं रचायला शिकलेल्या प्रोग्रामला, आपला मजकूर देऊन पुढे शिकवायचं.

मी दोन्ही करून पाहिल्या. बोलण्यात मॉडेल उजवं, यात वाद नाही. अहिराणी मिसळलेला प्रश्नही त्याला बऱ्यापैकी उमगतो. नोंदीवाला तिथे अडतो, शिवाय कांदेबाग केळीला (पावसाळ्यानंतरच्या लावणीच्या केळीला) कांद्यात ढकलतो आणि त्या चुकीवरून पुढचे साचेही चुकीचे शिकतो. अधूनमधून माणसाने डोळ्याखालून घालावंच लागतं.

माझा निर्णय ठरला तो एंडोसल्फान या कीटकनाशकामुळे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये त्यावर बंदी घातली, पण त्याआधीचे सल्ले जालावर तसेच पडून आहेत. कपाशीवरच्या बोंडअळीला काय फवारू, असं विचारल्यावर मॉडेलने तेच नाव सुचवलं, तेही अगदी ठामपणे. हे कुठल्या पानावरून शिकलास, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं. जुने लेख काढून पुन्हा शिकवलं. प्रश्न जरा फिरवून विचारला, तर पुन्हा तेच नाव. नोंदींच्या संग्रहातही ही चूक होती. पण शेजारच्या रकान्यात पानाचा पत्ता आणि तारीख होती, म्हणून ती नोंद आणि त्या पानावरून आलेल्या बाकीच्याही एका दमात काढता आल्या. विषाच्या मात्रेचा प्रश्न असतो तेव्हा मला हेच हवं असतं.

गावाचा इतिहास, सणवार, गप्पा असं काही करायचं असेल, तर मॉडेल घ्या, त्यात रस जास्त. फवारणी आणि खतासाठी मात्र, निदान माझ्या अनुभवापुरतं, माहिती नोंदींत ठेवावी आणि ती नीट वाक्यात सांगण्यापुरतं मॉडेल वापरावं. तारखेचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. मागाहून भरणं फार जिवावर येतं.