संध्याकाळचे सहा की रात्रीचे दोन? जुन्या वळणाचा शेतीचा गेम निवडताना

शेतीचा जुन्या वळणाचा एखादा गेम खेळायचाय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की बहुतेक जण ‘स्टारड्यू व्हॅली’ म्हणून मोकळे होतात. मीही बरीच वर्षं तेच सांगत होते. हल्ली मी आधी उलटा प्रश्न विचारते: तुम्हाला दिवसाचा शेवट कसा हवाय? कारण बियाणं, गाई, कोंबड्या, गावातली माणसं, सण, लग्न हे सगळं या गेमांमध्ये थोड्याफार फरकाने तेच असतं. खरा फरक घड्याळाचा. ते तुम्हाला किती पळवतं आणि कुठे मोकळं सोडतं, यावर तो गेम तुम्हाला मानवणार की दोन आठवड्यांत बाजूला पडणार, हे ठरतं.

मुळापासून सुरुवात करते. १९९६ साली जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या कन्सोलवर ‘बोकुजो मोनोगातारी’ आला आणि पुढच्या वर्षी तोच अमेरिकेत सुपर निन्टेन्डोवर ‘हार्वेस्ट मून’ या नावाने. यासुहिरो वादा यांची ही कल्पना. ते खेड्यात वाढलेले, मोठेपणी तोक्योला आले आणि मागे राहिलेलं गाव त्यांच्या मनातून जाईना. त्या काळात गेम म्हणजे मारामारी हे जवळपास ठरून गेलेलं होतं. वादांना लढाई नसलेला गेम करायचा होता. गोष्ट अगदी साधी. आजोबांची पडीक जमीन, आई-वडील ती तुमच्या हाती सोपवून निघून जातात आणि अडीच वर्षांनी येऊन बघतात की पोराने काय केलं.

आज तो खेळायला घेतला की आधी त्याचा कंजूषपणा टोचतो. एका वेळी दोनच अवजारं जवळ ठेवता येतात. वसंतात सलगम आणि बटाटा, उन्हाळ्यात टोमॅटो आणि मका. पिकांची यादी तिथेच संपते. शरद आणि हिवाळ्यात शेतात काहीच पिकत नाही. बियाण्याची पिशवी फोडली की आपण उभे असतो त्या चौकोनासकट नऊ चौकोनांत बी पडतं. बटाटे तयार झाले की एक उपटायचा, हातात उचलून धरायचा, चालत जाऊन विक्रीच्या पेटीत टाकायचा आणि पुढच्यासाठी परत यायचं. वीस बटाटे म्हणजे वीस फेऱ्या. (पुढे घोडा मिळतो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत माल टाकता येतो, तेव्हा काय हायसं वाटतं!) अंगात किती ताकद उरली आहे हे दाखवणारी पट्टी कुठेही नाही, पात्र दमल्यासारखं वागायला लागलं की समजून घ्यायचं.

आणि मग संध्याकाळ होते. पाच वाजता माल न्यायला माणूस येतो. सहा वाजता घड्याळ थांबतं. शब्दशः थांबतं. पडदा गडद होतो आणि त्यापुढची रात्र तुम्हाला हवी तेवढी लांब. दगड फोडा, बुंध्यांवर कुऱ्हाड चालवा, डोंगरातल्या गरम पाण्याच्या कुंडात उतरून थकवा घालवा आणि परत येऊन उरलेलं रान साफ करा. तुम्ही घरी जाऊन झोपेपर्यंत उद्याचा दिवस उगवत नाही. दिवसभर दुकानांच्या वेळा आणि माल न्यायची वेळ पाळल्यावर हे जे मोकळं सुटणं आहे, ते मला नंतरच्या कुठल्याच गेममध्ये याच चवीचं मिळालेलं नाही. गेम कंजूष आहे, पण वेळ देताना त्याने हात आखडलेला नाही.

तरी पहिला गेम म्हणून तो मी प्रत्येकाच्या हातात देणार नाही. इंग्रजी भाषांतर ओबडधोबड आहे, नायक फक्त मुलगाच आहे आणि अर्धं वर्ष शेत रिकामं. मूळ कार्ट्रिज (कन्सोलमध्ये घालायची गेमची डबी) विकत घ्यायचा विचार असेल, तर एक गोष्ट आधी तपासा. त्यात खेळ साठवून ठेवण्याचं काम एक छोटी बॅटरी करते आणि इतक्या वर्षांत ती संपलेली असू शकते. मी ज्याच्याकडून जुनं कार्ट्रिज घेतलं, त्याने ही बाब सांगितलीच नाही. पहिला उन्हाळा संपवून, मक्याची कणसं काढून समाधानाने कन्सोल बंद केला. दुसऱ्या दिवशी बघते तर तणाने भरलेलं तेच पडीक रान समोर. बॅटरी बदलता येते, पण त्यासाठी झाळकाम करणारा हात हवा.

आता स्टारड्यू. २६ फेब्रुवारी २०१६ ला आला. एरिक बरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ बसून चित्रं, संगीत, संवाद, प्रोग्रामिंग सगळं स्वतः केलं. हार्वेस्ट मूनचं ऋण तो उघडपणे मान्य करतो. २०२४ च्या अखेरीपर्यंत त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती खपल्या. इथेही आजोबांचीच जमीन आहे, हातात ५०० मोहरा आणि सरपंच लुईसने दिलेलं पार्सनिपचं (गाजरासारखं पांढुरकं कंदमूळ) बियाणं, १५ पुड्या.

इथलं घड्याळ मात्र वेगळ्याच जातीचं. दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला संपतो. गेममधली दहा मिनिटं म्हणजे आपले सात सेकंद. हिशेब केला तर पूर्ण दिवस अवघ्या चौदा मिनिटांचा. दोन वाजेपर्यंत अंथरुणात पोचला नाहीत तर तुम्ही जागच्या जागी कोसळता आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर खिसाही हलका आणि अंगही जड. शिवाय खेळ साठवला जातो तो झोपल्यावरच. म्हणून ‘एवढा एक दिवस उरकते आणि उठते’ असं होतं. तो दिवस उरकतो तेव्हा पार्सनिप काढणीला आलेले दिसतात आणि आणखी चौदा मिनिटं जातात. ज्यांना कामाच्या धबडग्यातून शांत व्हायला गेम हवाय, त्यांना हे आधीच सांगितलेलं बरं. स्टारड्यू दिसतो निवांत, पण तो खेळणाऱ्याला चांगलाच पळवतो.

पळवतो म्हणजे कसा, ते एका पिकावरून बघा. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. पार्सनिप चार दिवसांत येतो, बटाटा सहा, फ्लॉवरला मात्र बारा. ऋतू पालटला की वसंतातलं उभं पीक एका रात्रीत वाळून जातं. म्हणजे फ्लॉवर १६ तारखेपर्यंत लावला तर २८ ला हाताशी येतो. १७ ला लावलेला वाया. हे एकदा अंगवळणी पडलं की तुम्ही आपोआप बोटांवर दिवस मोजायला लागता आणि त्यात फार मजा आहे. पेरणीची वेळ साधण्यातला आनंद पडद्यावर इतक्या नेमकेपणाने उतरवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

मग येतात पाण्याचे फवारे. साधा फवारा चार चौकोन भिजवतो, त्यावरचा आठ, इरिडियमचा चोवीस. दुसऱ्या वर्षाच्या आसपास झारी खुंटीला लागते. अनेकांसाठी खरा गेम इथून सुरू होतो: पिंपं, लोणची-मुरंब्याच्या बरण्या, दारू मुरवायचं तळघर, कुठल्या पिकातून किती सुटतात याची गणितं. मला व्यक्तिशः हा भाग शेतीपेक्षा कारखानदारीच्या जवळ वाटतो. तुम्हाला वाढवत नेण्याची, आखणीची हौस असेल, तर हेच तुम्हाला शंभर-दोनशे तास धरून ठेवेल. खाणीत राक्षसही आहेत आणि तलवारही. ते नको असेल तर स्टारड्यूमध्ये थोडं हातचं राखून खेळावं लागतं. मासेमारी सुरुवातीला चांगलीच छळते. मात्र मित्रांबरोबर एकाच शेतावर राबायचं असेल तर दुसरीकडे बघूच नका. ती सोय इथे आहे आणि छान जमली आहे.

एका बाबतीत स्टारड्यू जुन्यांपेक्षा मनाने मऊ आहे. जनावरांना चारा घालायचा राहिला तर ती रुसतात, भुकेने मरत नाहीत. वारलेले आजोबा भूत होऊन तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या कामाचं मोजमाप करतात, पण मनासारखं झालं नाही तर त्यांच्या समाधीवर हिरा ठेवून पुन्हा करून घेता येतं. जुन्या गेमांत असं बोट धरणं नाही. हार्वेस्ट मून मालिकेतल्याच ‘मिनरल टाउन’मध्ये माझ्या पहिल्या हिवाळ्यात वैरण संपली आणि विकत घ्यायला पैसेही उरले नव्हते, कारण शरदात गवत कापून ठेवायचा मी कंटाळा केला होता. गाय आधी आजारी पडली, मग गेली. तिचं नाव मीच ठेवलेलं. पुढच्या शरदात मी बाकी सगळं सोडून आधी गवताला विळा लावला.

हे मिनरल टाउन म्हणजे माझ्या मते मधला आणि बहुतेकांसाठी सर्वांत सरळ रस्ता. १९९९ साली जपानमध्ये आणि २००० साली अमेरिकेत प्लेस्टेशनवर ‘बॅक टू नेचर’ आला. त्यात तीन वर्षांची मुदत. तेवढ्यात गावकऱ्यांची मनं जिंकायची. २००३ मध्ये तेच गाव गेम बॉय अॅडव्हान्सवर ‘फ्रेंड्स ऑफ मिनरल टाउन’ म्हणून आलं आणि मुदतीची अट काढून टाकली गेली. घड्याळाचा इथला नियम मला विशेष आवडतो: बाहेर वेळ धावते, घरात किंवा दुकानात शिरलात की थांबते. त्यामुळे कुणाच्याही घरी जाऊन निवांत बोलता येतं, ग्रंथालयात पुस्तकं चाळता येतात आणि बाहेर पडल्यावर दिवस तिथेच वाट बघत असतो. गावाची ओळख व्हावी म्हणून केलेली ही युक्ती आहे आणि ती लागू पडते. स्टारड्यूमध्ये कुणाकडे गेलं तरी माझं निम्मं लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडे असतं.

इथलाच एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. बियाणं नऊ चौकोनांत पडतं, पण वाढलेल्या पिकातून चालता येत नाही. मग मधल्या चौकोनाला पाणी कसं पोचणार? त्यावर खेळाडूंनी तोड काढली: खालच्या ओळीतला मधला चौकोन नांगरायचाच नाही. आठ रोपांचा घोड्याच्या नालेसारखा वाफा होतो आणि त्या फटीतून आत शिरून सगळ्यांना पाणी देता येतं. स्टारड्यूमध्ये पिकांतून खुशाल चालता येतं, पण मांडवावर चढणाऱ्या घेवड्यातून, द्राक्षांतून नाही. तिथे मिनरल टाउन खेळलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो न सांगता फट सोडून लावणी करतो.

मिनरल टाउनची नवी आवृत्ती २०१९ मध्ये जपानमध्ये आणि २०२० मध्ये बाकीकडे आली. जुनं कन्सोल शोधायचं नसेल तर ती घ्या. मुलगा किंवा मुलगी, दोन्ही होऊन खेळता येतं, लग्नाच्या बाबतीतही ती जास्त मोकळी आहे. फक्त चित्रं आता त्रिमितीय, गुबगुबीत बाहुल्यांसारखी झाली आहेत. तुम्हाला ओढ जुन्या पिक्सेलांचीच असेल तर ती इथे भागणार नाही.

खरेदी करताना नावाचा घोळ लक्षात ठेवा, कारण यात भलेभले फसतात. २०१५ पासून मूळ जपानी मालिका इंग्रजीत ‘स्टोरी ऑफ सीझन्स’ या नावाने येते. ‘हार्वेस्ट मून’ हे नाव आधीच्या अमेरिकी प्रकाशकाकडेच राहिलं आणि त्या नावाने ते वेगळेच गेम काढतात. म्हणजे २०१४ नंतरचा ‘हार्वेस्ट मून’ लहानपणच्या आठवणीने उचललात, तर हाती येईल तो दुसऱ्याच घरचा.

‘अ वंडरफुल लाइफ’ मी नवख्याला सुचवत नाही, पण विसरूही शकत नाही. २००३ चा गेमक्यूबवरचा गेम, नवी आवृत्ती २०२३ ची. ऋतू दहाच दिवसांचा, आणि पहिला अध्याय संपायच्या आत लग्न झालं नाही तर गेम आटोपतो. पुढे मूल मोठं होतं, गावातली माणसं थकतात, तुम्हीही थकता आणि शेवटी जाता. शेतीचे दोन-तीन गेम पचवल्यावर, मन शांत असेल तेव्हा हातात घ्यावा.

‘फार्मव्हिल’ची आठवण काढणाऱ्यांसाठी: २००९ ला फेसबुकवर आलेला तो गेम ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. त्याचं पीक तुमच्या खऱ्या दिवसाच्या घड्याळावर वाढायचं आणि वेळेवर परत आला नाहीत तर सुकून जायचं. तो तुमच्या आयुष्यात डोकावत राहायचा. इथे सांगितलेले सगळे गेम बंद केले की तुमची वाट बघत जिथल्या तिथे थांबतात. ट्रॅक्टर आणि यंत्रं खऱ्यासारखी चालवायची हौस असेल तर ‘फार्मिंग सिम्युलेटर’ आहे. तो चांगलाच आहे, पण ही वाट नव्हे.

तेव्हा रोज अर्धा तास मिळतो आणि डोकं शांत करायचंय, त्यांनी मिनरल टाउन घ्यावं. सुट्ट्या आहेत, सोबतीला मित्र आहेत, आकडेमोड आवडते, त्यांनी स्टारड्यू. मूळ हार्वेस्ट मून या दोहोंपैकी एक मनापासून आवडल्यावर, तेव्हा त्याचा कंजूषपणा टोचत नाही.

माझं स्वतःचं शेत सध्या स्टारड्यूत आहे, चौथं वर्ष चालू आहे. इरिडियमचे फवारे सगळीकडे बसवलेत, झारीची गरज उरलेली नाही. तळ्याकाठी मात्र नऊ चौकोनांचा एक तुकडा फवाऱ्यांपासून लांब ठेवलाय. वसंतात तिथे बटाटा असतो आणि रोज सकाळी दार उघडलं की आधी तिकडे जाऊन मी तो हाताने भिजवते.